उलटा शुक्रवार

मंदे, निकाल शेवटी सांगणार आहे. तुला धीर नाही हे मला पक्कं ठाऊक आहे. सिनेमा लावला की नावं पडत असतानाच तू शेवट विचारायचीस. म्हणून मुद्दाम शेवटी. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी बोलणार आणि तू मध्ये तोंड घालणार नाहीस. अशी संधी मी सोडेन होय?

आधी तुझ्या निरोपाचं सांगते, कारण तो तू बघायला हवा होतास. "आईने सांगितलंय, कोणी पण व्हाइट घालायची नाही, ब्राइट कलर्स ओन्ली, नाहीतर ती भूत बनून येईल," असा मेसेज तुझ्या ईशाने सगळ्यांना पाठवला होता. भुताची धमकी लागू पडली. क्रेमेटोरियमच्या कार पार्कमध्ये पैठण्या, नारायणपेठ, कुणाची तरी गुलाबी नऊवारीसुद्धा. आपल्यानंतर ज्यांचा स्लॉट होता ती इंग्रज मंडळी काळ्या कोटात येऊन थांबली होती. त्यातले एक आजोबा माझ्या हिरव्या शालूकडे बघून म्हणाले, "काँग्रॅच्युलेशन्स!" आता काय सांगू त्यांना? मी म्हटलं, "थँक्यू." आणि मग गाडीत बसून इतकी हसले, इतकी हसले, की हसता हसता रडायला लागले. कुठलं कधी सुरू झालं ते मलाच कळलं नाही.

जेवणाला तू ठरवल्याप्रमाणे मासे. कम्युनिटी हॉलमध्ये शिरताच सुरमईच्या कालवणाचा वास. आपल्या मराठी मंडळातल्या दोन वहिनी भिंतीशी कुजबुजत होत्या, "अगंबाई, पहिल्याच दिवशी मासे?" सतीशभावजी हातात पळी घेऊन उभे. म्हणाले, "वहिनी, मेनू तिने ठरवलाय. मी हयातभर तिच्यापुढे बोललो नाही, आता काय बोलू? रस्सा वाढू का?" वहिनींनी दोनदा वाढून घेतला. मी मोजत नव्हते, पण नजर जाते ना बाई.

आणि एक गोष्ट तुला कळली असती तर तू पेटीतून उठून आली असतीस. ती सुरमई फ्रोझन होती. एवढ्या लोकांना पुरेल एवढा ताजा मासा इंग्लंडातल्या आपल्या रीडिंग गावात मिळेना. आयुष्यभर तू बर्फासाठी भांडलीस आणि बर्फातला मासा मात्र कधी तोंडात घातला नाहीस. विचारलं की म्हणायचीस, "ताज्या माशावर बर्फ घालणं वेगळं गो, आणि फ्रीझरमधलं मढं वेगळं." त्या दिवशी सगळ्यांनी मढं चाटूनपुसून खाल्लं. माफ कर.

हे मंडळाच्या अंकात छापायचं आहे, तेव्हा तुला माहीत असलेल्या गोष्टीही मला सांगाव्या लागणार. ऐकून घे. आपण दोघी रीडिंगच्या एका छोट्या कंपनीत कामाला. एम-फोर हायवेच्या कडेला काचेची इमारत, खाली सँडविचवाला, वर आपण. लहान लहान देशांच्या सरकारांना बजेट बांधायला मदत करायची, हे कंपनीचं काम. आपल्या वाट्याला आला पॅसिफिक महासागरातला एक बेटांचा देश. नकाशावर शोधायचा तर चष्मा पुसून घ्यावा लागतो. तिथल्या सरकारने मासेमारीला काय द्यावं हे तू बघायचीस आणि जंगलाला काय द्यावं ते मी. दरवर्षी बजेटच्या आधी तिथल्या समितीसमोर आपण दोघी व्हिडिओवर आपापली बाजू मांडायचो. मग ते ठरवायचे. त्यांची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, त्यामुळे तू यायचीस ती ओल्या केसांनी, हातात टोस्ट, आणि तो टोस्ट कीबोर्डवर.

तू मालवणची, अगदी किनाऱ्यावरची. मी चंद्रपूरकडची, बाबा वनखात्यात गार्ड. कुणालाही वाटेल की ज्याने काम वाटलं त्याने आपल्या पत्रिका बघून वाटलं. छे! आपल्या मार्क मॅनेजरने आडनावांच्या क्रमाने वाटलं होतं. त्या बिचाऱ्याला मालवणही ठाऊक नव्हतं आणि चंद्रपूरही नाही. आपल्याला वाटलं, सहा महिन्यांचं काम आहे, करून टाकू. आणि ते काम आपल्याला चिकटलं ते चिकटलंच.

तू तर त्या देशाला "आपला देश" म्हणायला लागलीस. आठवतंय, गणपतीत? प्रसादाच्या रांगेत तू मला म्हणालीस, "यंदा आपल्या देशाचं बजेट लवकर आहे." मागे उभे असलेले एक काका लगेच सुरू झाले. इन्कम टॅक्स, रेल्वे, शेती, झालंच तर संरक्षण. तू सगळ्याला गंभीर चेहऱ्याने "हो ना, हो ना" करत होतीस. शेवटी काका म्हणाले, "पण एवढ्या मोठ्या लोकसंख्येला पुरणार कसं?" आणि तू म्हणालीस, "अहो काका, कसली लोकसंख्या! आपल्या रीडिंगपेक्षा कमीच असतील. मुख्य प्रश्न टूनाचा आहे." काकांनी मोदक हातात धरून माझ्याकडे बघितलं. मी आरतीला पळाले.

चुका तरी काय एकेक केल्या आपण! पहिल्याच वर्षी मी राजधानीपासून लांबच्या एका बेटासाठी रोपवाटिकेचा आराखडा दिला आणि त्यात शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घातलं. आमच्याकडे रोप लावलं की पहिला विचार शेळीचा. शेळी दिसली नाही तरी कुंपण आधी, हे मी बाबांच्या मागे फिरत फिरत शिकलेली. तिथल्या अर्थखात्यात बजेट बघणारी सेरा, आपली सेरा, तिने तो कागद शांतपणे वाचला आणि म्हणाली, "आमच्या बेटावर शेळी नाही. डुकरं आहेत. ती चालतील का?" तू म्यूट करायला विसरलीस आणि अख्ख्या समितीने तुझं खिंकाळणं ऐकलं. मी तुझ्याशी दिवसभर बोलले नाही.

पण देव बघत असतो. पुढच्याच सत्रात तुझी पाळी आली. तू मोठ्या ऐटीत धक्क्यावर मासळीच्या लिलावाचा ओटा मांडलास, बायकांना बसायला जागा, पाण्याचा नळ, सगळं अगदी मालवणच्या बाजारासारखं. सेराने विचारलं, "लिलाव कुणासाठी?" म्हणे त्या लांबच्या बेटावर लोक एकमेकांना मासे विकतच नाहीत, देतात. बहिणीला, मामाला, चर्चला. विकायचे असतात ते राजधानीला पाठवायचे, आणि तिकडची बोट येईपर्यंत ते खराब होतात. तू वहीत डोकं खुपसलंस. मला वाटलं हिरमुसलीस. कसली हिरमुसतेस! घरी जाताना ट्रेनमध्ये म्हणालीस, "ओटा नको गो. बर्फ हवा." तुझ्या बर्फाच्या कारखान्याचा जन्म असा झाला, लोकांसमोर तोंडावर पडून.

तेव्हापासून आपलं भांडण. त्या लांबच्या बेटावर सरकारला एका वेळी एकच मोठं काम झेपणार होतं. एक तर तुझा बर्फाचा कारखाना, नाही तर माझी रोपवाटिका. तू म्हणायचीस, परदेशी बोटी यांच्या समुद्रात टूना पकडतात, त्या परवान्यांवर या सरकारचा संसार चालतो, मग त्यातलं काही स्वतःच्या कोळणींच्या पदरात पडायला नको? मी म्हणायची, डोंगर तोडून बोडका केलाय, पाऊस आला की सगळी माती समुद्रात जाते, चिखलात तुझा मासा राहील का? तू म्हणायचीस, झाड वाढायला तीस वर्षं, तोवर त्या बायकांनी काय पानं खायची? मी म्हणायची, बर्फ तर दुपारपर्यंत वितळतो. मग तुझं मालवणी बाहेर पडायचं, "माका शिकव नको! तुका काय कळतला माशातला?" आणि माझं चंद्रपूर, "अन् तुले का समजते वं जंगलातलं?" कँटीनमधली पोरं हेडफोन घालायची. त्यांना वाटायचं आपल्या घरची इस्टेटीची भानगड आहे.

उलटा शुक्रवार तुझी कल्पना. कधी नव्हे ते मान्य करते, उत्तम कल्पना. समितीच्या आधीच्या शुक्रवारी आपण बाजू बदलायची. तू जंगलासाठी भांडायचं, मी माशांसाठी, आणि तेही मनापासून. टिंगल करायची नाही, कच्चं सोडायचं नाही. तुझी आत्या म्हणे रापण ओढताना मध्येच टोक बदलायची. रापणीचं लांब जाळं समुद्रात टाकून किनाऱ्यावरून दोन टोकांनी ओढतात, तेव्हा सगळे आपल्या टोकाला घट्ट असायचे आणि तुझी आत्या ओलं लुगडं खोचून या टोकाकडून त्या टोकाकडे चालायला लागायची. लोक ओरडायचे. ती म्हणायची, पलीकडे किती जड लागतंय ते ओढल्याशिवाय कसं कळणार? तू हे सांगताना ऑफिसच्या कार्पेटवर चालून दाखवलं होतंस, पदर नसलेल्या जम्परवर पदर खोचून.

आणि नियम कसला, तर बाजू कुणाचीही असो, बोलून जी जिंकली ती जिंकली. हरली तिने चहा करायचा. इथे मला तुझ्या चहाबद्दल लोकांना सावध करायचं आहे. तू गेलीस म्हणून खोटं बोलणार नाही. तुझा चहा भयंकर होता. आलं, गवती चहा, वेलची, मिरी, परत आलं, आणि पाणी आटून आटून डांबर होईपर्यंत उकळायचं. जिंकणारीला शिक्षाच ती. मी तर कधी कधी मुद्दाम हरायची, निदान प्यायला तरी काही मिळावं म्हणून. तुला हे कळलं होतं बहुतेक, कारण एकदा तू मला म्हणालीस, "आज नीट भांड, मला आज चहा करायचाय." तुझी एक एक खोड मला अशी पाठ आहे.

मग तू आजारी पडलीस. त्यात फार शिरत नाही, तुला आवडायचं नाही. हॉस्पिटलचं नाव काढलं की तू विषय आपल्या देशावर न्यायचीस. "सेराचा ईमेल आला? समितीची तारीख?" डॉक्टरीणबाई एकदा म्हणाली, कामाचा ताण घेऊ नका. तू म्हणालीस, "हा ताण नाही, हे माझं भांडण आहे." तिने ते बहुतेक तसंच लिहून घेतलं.

यंदाचा उलटा शुक्रवार हॉस्पिसमध्ये झाला, शेवटच्या दिवसांत माणसाला ठेवतात त्या जागी. दुपारची वेळ, खिडकीबाहेर सफरचंदाचं झाड, ते फुललेलं. तू उशीला टेकून बसलीस आणि म्हणालीस, "मी आधी." आणि माझ्या झाडांची बाजू तू अशी मांडलीस, अशी मांडलीस की मी गेली कित्येक वर्षं काय करत होते असं मला वाटलं. ना चिखलाचा आकडा, ना पावसाचा. तू म्हणालीस, "आमची होडी आंब्याच्या लाकडाची. जाळ्याचा दोर काथ्याचा. वल्हं लाकडाचं. बाबांची होडी उलटली तेव्हा ते ज्याला धरून रात्रभर तरंगले तोसुद्धा ओंडकाच. झाड नसतं तर आम्ही कोळी किनाऱ्यावर बसून मासे लांबूनच बघितले असते. जंगल आधी, मग दर्या." आणि दम लागला म्हणून थांबलीस. नर्स दारात उभी राहून ऐकत होती, तिला मराठीचं एक अक्षर कळत नव्हतं, तरी.

मग माझी पाळी. तुझ्या बर्फाच्या कारखान्यासाठी बोलायचं होतं. मी तोंड उघडलं आणि मला रडूच आलं. "त्या बायका..." म्हटलं आणि पुढे काही नाही. तू चिडलीस. खरंखुरं चिडलीस. "रडतंस कित्या गो? माझी बाजू अशी रडकी मांडतात? परत येशील तेव्हा नीट बोल." मी हरले. हॉस्पिसच्या छोट्या किचनमध्ये टी-बॅगचा चहा केला. तू दोन घोट घेतलेस आणि म्हणालीस, "पाणी आहे हे." तुझं माझ्याशी झालेलं शेवटचं धड बोलणं म्हणजे माझ्या चहाला ठेवलेलं नाव. मला ते फार आवडतं. लोकांचे शेवटचे शब्द काय काय असतात, आणि माझ्या वाट्याला "पाणी आहे हे."

परत आले तेव्हा तू झोपेत होतीस, आणि झोपेतच गेलीस.

नंतर मार्कने मला बोलावलं. भला माणूस, डोळे लाल झालेले. म्हणाला, समिती जवळ आली आहे, तू फक्त तुझा जंगलाचा भाग मांड, मंदाचा यंदा राहू दे, लोक समजून घेतील. समजून घेतील! त्यांच्या पद्धतीत ज्या बाजूला बोलणारं कुणी नसतं ती बाजू गळते, हे तुला माहीत, मला माहीत. मी नुसती गप्प बसले असते तर माझी रोपवाटिका काही न करता पास झाली असती. इतक्या वर्षांचं भांडण, आणि समोर कुणी नाही म्हणून जिंकायचं? मंदे, खरं सांगते, जिन्यावर एक क्षण मोह झाला. माझी रोपं डोळ्यांसमोर आली, ओळीने, हिरवीगार. मग तुझा चेहरा आला. मी परत वर गेले आणि मार्कला म्हटलं, दोन्ही बाजू मी मांडणार. तो म्हणाला, "तटस्थपणे?" मी म्हटलं, "मुळीच नाही."

त्या सकाळी ईशा माझ्याबरोबर आली. तिने रजा घेतली होती. तुझ्या खुर्चीवर बसली, तुझा तो पिवळा स्कार्फ गळ्यात. म्हणाली, "मावशी, मी काही नाही बोलणार, फक्त आईचा जागा भरते." मी तिला टोस्ट दिला. म्हटलं, आधी हा कीबोर्डवर सांड, मग जागा भरली म्हणू.

स्क्रीनवर सेरा आली, समितीची मंडळी आली. सेराने तुझ्यासाठी त्यांच्या भाषेत एक छोटीशी प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी माना खाली घातल्या. मग म्हणाली, "बोला."

मी झाडांपासून सुरुवात केली. माझी आकड्यांची स्लाइड तयार होती, ती उघडलीच नाही. होडी आंब्याच्या लाकडाची, दोर काथ्याचा, तिथून थेट ओंडक्यापर्यंत. शब्द न शब्द तुझा. मी फक्त इंग्रजीत आणला. समितीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मान हलवली. त्यांच्याकडे आंबा होडीला वापरत नाहीत, दुसरं झाड वापरतात, त्यांनी त्या झाडाचं नाव सांगितलं आणि ते किती उरलंय ते सांगितलं. फारच थोडं उरलंय.

मग मासे. इथे माझ्याकडे तुझं काही नव्हतं. तुझ्या स्लाइड होत्या, पण त्या वाचून दाखवल्या असत्या तर तू मला सोडलं नसतंस. नीट बोल, म्हणाली होतीस. तेव्हा मी मला जे माहीत होतं ते बोलले. मी जंगलातली पोर, समुद्र पहिल्यांदा पाहिला लग्नानंतर, आणि मासा खायला शिकले तुझ्या घरी, हे सांगितलं. सांगितलं की मला मासा कळत नाही, पण पहाटेपासून राबून आणलेलं डोळ्यांसमोर खराब होताना बघणं कळतं, कारण माझ्या आईने वाळत घातलेले विडीचे तेंदूपत्ते एका अवकाळी पावसात भिजताना मी बघितलेत. ती नुसती उचलून फेकत होती, आणि दुसऱ्या दिवशी परत तोडायला गेली. बर्फ मिळाला तर त्या बाईला बोट यायची वाट शांतपणे बघता येईल. फेकायला लागणार नाही. एवढंच आहे, पण माझ्या आईला तेवढं मिळालं असतं तर मी आज वेगळी असते. आवाज कापला नाही, मंदे. एकदाही नाही. ईशाने टेबलाखाली माझा हात धरला होता, इतका घट्ट की अंगठी रुतली.

मग सेरा म्हणाली, "मधे मला वाटलं, मंदाच बोलतेय." मी विचारलं, "मासे सांगताना ना?" सेरा म्हणाली, "नाही. झाडं सांगताना."

मला हसू फुटलं. समितीसमोर, कॅमेरा चालू, माझं खिंकाळणं. आपण दोघी सारख्याच निघालो शेवटी.

तर निकाल. आता धर श्वास, धरता येत असला तर. दोन दिवसांनी सेराचा फोन आला. यंदा बर्फाचा कारखाना. झाला पास. तुझ्या त्या लांबच्या बेटावर, धक्क्याच्या शेजारी, जिथे तू लिलावाचा ओटा मांडला होतास तिथेच. रोपवाटिकेचं पुढच्या वेळी परत विचारू म्हणाले, आणि तोवर डुकरांच्या कुंपणाचं काहीतरी बघ असं सेराने हसत हसत सुनावलं. फोन ठेवला आणि मी ऑफिसच्या मधोमध ओरडले, "झालं वं माय!" मार्क पळत आला. मी त्याला मिठी मारली. तो घाबरला. मग जागेवर येऊन बसले आणि भानावर आले. अगं बाई, माझी रोपवाटिका गेली की! स्वतःच्या तोंडाने घालवली की मी! मेल्यावरही जिंकलीस, लाज नाही वाटत? आणि तरी इतका आनंद मला माझी स्वतःची रोपं पास झाली असती तरी झाला नसता. का, ते कळत नाही, आणि कळून घ्यायचंही नाही.

तुला एक कधी म्हटलं नाही, ते आता म्हणते. रीडिंगला आले तेव्हा मला वाटायचं की इथे सगळं आहे, फक्त मनसोक्त भांडायला कुणी नाही. सगळे सॉरी म्हणतात. तू पहिल्याच दिवशी माझा डबा हुंगून म्हणालीस, "शी, ह्याला भाजी म्हणतात?" तेव्हापासून मला इथे घरी असल्यासारखं वाटायला लागलं. थँक्यू म्हणायचं राहिलं होतं. म्हटलं.

संध्याकाळी तुझ्या घरी गेले. सतीशभावजींना निकाल सांगितला, ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मग ईशाने विचारलं, "मावशी, आईचा तो रूल होता ना, जो हरेल तो टी बनवणार. मग आता कोण बनवणार? तू हरली ना?" मी उठून किचनमध्ये गेले, पातेलं काढलं, आणि पातेलं हातात धरून थांबले. म्हटलं, थांब, हिशेब नीट करू दे. नियम काय? बाजू कुणाचीही असो, बोलून जी जिंकली ती जिंकली. झाडांची बाजू शब्द न शब्द तू बोललीस, सेराची साक्ष आहे. मासे मी बोलले. आणि जिंकले कोण? मासे.

मी पातेलं परत ठेवलं, मंदे. चहा तुझ्याकडे लागतो. आलं हवं तेवढं घाल, मी काही बोलणार नाही, पूर्ण कप पिईन. फक्त आधण आत्ताच ठेवू नकोस. मला यायला वेळ आहे, माझी रोपवाटिका अजून व्हायची आहे.